करमणूक-उद्याने : उपस्थितीतील चढउतार

एखाद्या कल्पनेच्या किंवा कथाविश्वाच्या सूत्राभोवती रचलेले, यांत्रिक खेळांची कायमस्वरूपी उभारणी असलेले आणि तिकीट घेऊन प्रवेश देणारे मनोरंजनस्थळ म्हणजे सूत्राधिष्ठित करमणूक-उद्यान (थीम पार्क) होय. एका वर्षात अशा उद्यानास भेट देणाऱ्या प्रेक्षकांच्या संख्येस ‘उपस्थिती’ म्हणतात. उपस्थिती वाढली की लोकांना उद्यान आवडले व घटली की लोक त्याला कंटाळले, असा समज रूढ आहे. तो अंशतःच खरा आहे. उपस्थितीचे चढउतार मुख्यतः उद्यानाच्या स्थिर खर्चातून, त्याच्या भौगोलिक स्थानातून आणि पुनर्गुंतवणुकीच्या सातत्यातून निर्माण होतात. रुचिबदल हे त्यांचे कारण असण्यापेक्षा बहुधा परिणामच असतो.

जत्रा आणि उद्यान : करमणूक-उद्यानातील खेळ मराठी समाजाला अपरिचित नव्हते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील उस्मानपुऱ्यापासून जवळच, छावणी भागात, नवरात्रात भरणाऱ्या कर्णपुरा देवीच्या यात्रेत आकाशपाळणे, ‘मौत का कुआँ’, ‘ब्रेक डान्स’ इ. खेळ असतात. हे खेळ चालविणारे व्यावसायिक यात्रा संपताच लोखंडी सांगाडे सुटे करून मालमोटारींत भरतात आणि पुढील जत्रेच्या गावी जातात. जत्रेची तिथी ठरलेली असते. दर्शनाला येणारा समुदाय देवस्थानाने आधीच जमविलेला असतो. पाळणेवाल्याला तो गोळा करावा लागत नाही.

करमणूक-उद्यानाची स्थिती नेमकी याच्या उलट असते. जत्रेतील पाळणा गर्दीच्या मागे जातो, तर उद्यानातील पाळणा जागेवर उभा राहून गर्दीची वाट पाहतो. जमीन, यंत्रे, कर्जावरील व्याज, विमा, वीज, तंत्रज्ञांचे व सुरक्षारक्षकांचे वेतन हा खर्च दिवसाला पाचशे माणसे आली काय किंवा दहा हजार आली काय, जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे ठराविक मर्यादेनंतर येणारा प्रत्येक प्रेक्षक बव्हंशी नफा असतो व त्या मर्यादेखाली न आलेला प्रत्येक प्रेक्षक बव्हंशी तोटा. उपस्थितीत दहा-पंधरा टक्के घट झाली, तर एखाद्या दुकानदाराचा नफा कमी होतो. उद्यानाचे मात्र कर्जाचे हप्ते थकू शकतात.

विकास : डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील तिवोली हे उद्यान १८४३ पासून आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर स्टीपलचेस (१८९७), लुना पार्क (१९०३) व ड्रीमलँड (१९०४) ही उद्याने निघाली; पैकी ड्रीमलँड १९११ मध्ये आगीत नष्ट झाले. वॉल्ट डिझ्नी यांनी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिझ्नीलँड उघडले, तेव्हापासून सूत्राधिष्ठित उद्यानाचे आधुनिक स्वरूप स्थिर झाले. भारतात दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘अप्पू घर’ (१९८४) हे या प्रकारचे पहिले गाजलेले उद्यान. ते २००८ मध्ये बंद झाले, ते प्रेक्षक आटले म्हणून नव्हे, तर त्याची जमीन सर्वोच्च न्यायालय व मेट्रो यांच्या कामासाठी हवी होती म्हणून. उद्यानाच्या मरणाचे कारण नेहमी तिकीट-खिडकीवरच सापडते, असे नाही.

अंतर आणि बाजारक्षेत्र : उद्यान उभारण्यापूर्वी तज्ज्ञ प्रथम त्याचे बाजारक्षेत्र मोजतात. सकाळी घरून निघून रात्री घरी परतता येईल अशा टापूतील लोकसंख्या हे प्राथमिक क्षेत्र, मुक्काम करावा लागेल असा टापू हे दुय्यम क्षेत्र आणि अन्य कारणाने त्या भागात आलेले पर्यटक हा तिसरा घटक होय. उस्मानपुऱ्यात राहणारे पाच जणांचे एखादे कुटुंब उदाहरणादाखल घेता येईल. वेरूळ सु. ३० किमी., पैठण सु. ५० किमी., अजिंठा सु. १०० किमी. आणि शिर्डी त्याहून थोडी दूर असल्याने ही ठिकाणे त्या कुटुंबाच्या एका दिवसाच्या आटोक्यात आहेत. खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ हे उद्यान मात्र सु. ३०० किमी. दूर आहे. तेथे जायचे तर गाडीभाडे किंवा इंधन, एक मुक्काम, दोन दिवसांचे जेवण आणि पाच तिकिटे एवढा खर्च येतो व त्यात तिकिटांचा वाटा निम्माही राहत नाही. म्हणून तिकिटात दिलेली सवलत जवळच्या प्रेक्षकाला हलविते, दूरच्याला क्वचितच. दूरच्या प्रेक्षकाला हलविणारी गोष्ट म्हणजे रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला नसता, तर खोपोलीच्या माळावर एवढे मोठे उद्यान काढण्याचे धाडस कोणी केले असते असे वाटत नाही. २०२५ मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाने मराठवाड्याचा मुंबईकडील प्रवासकाळ घटविला आहे. त्यामुळे या गणितातील अंतराचा अर्थही बदलला आहे.

शिर्डी येथे मालपाणी समूहाने चालविलेली ‘वेट एन जॉय’ जलक्रीडा-उद्यान व ‘साई तीर्थ’ हे भक्तिविषयक उद्यान ही या दृष्टीने बोधप्रद ठरतात. त्यांनी जत्रेचेच तत्त्व स्वीकारले आहे. वर्षभर येणारा यात्रेकरू तेथे आधीच आहे. दर्शनानंतर उरलेला अर्धा दिवस तेवढा त्यांना भरून काढायचा असतो.

ऋतू आणि सुट्ट्या : महाराष्ट्रातील उद्यानांची उपस्थिती शालेय दिनदर्शिकेशी जखडलेली असते. मार्चमध्ये परीक्षांमुळे ती उतरते, एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंत चढते, पावसाळ्यात पडते, दिवाळीत पुन्हा उसळते आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींवर तगते. जलक्रीडा-उद्यानाचा कळस मे महिन्यात येतो. उघड्यावरील मोठ्या यंत्रखेळांना मात्र तेच ऊन बाधते. दोन्ही प्रकारची उद्याने शेजारी-शेजारी काढण्याचे हे एक कारण होय.

विशिष्ट दिवसांवर होणारे केंद्रीकरण ही त्याहून अवघड बाब आहे. समजा, एखाद्या उद्यानात वर्षातील ३०० दिवसांत १२ लक्ष प्रेक्षक येतात. रोजची सरासरी ४,००० झाली; परंतु मे महिन्यातील रविवारी १२,००० आणि जुलैतील मंगळवारी ७०० लोक येतील. रोलर कोस्टरच्या (वळणावळणांच्या उंच-सखल रुळांवरून धावणाऱ्या गाडीच्या) एका गाडीत २४ आसने असून दर दीड मिनिटाला एक गाडी सुटत असेल, तर तासाला ९६० लोक बसू शकतात. दुरुस्तीसाठी एक गाडी काढून घेतल्यामुळे हे अंतर तीन मिनिटांवर गेले की तोच आकडा ४८० होतो आणि पाऊण तासाची रांग दीड तासाची होते. मे महिन्यातील रविवारी दिवसभरात चारच खेळ पदरात पडलेले कुटुंब घरी जाऊन शेजाऱ्यांना काय सांगेल, हे वेगळे सांगावयास नको. म्हणजे या वर्षीची विक्रमी गर्दीच पुढील वर्षाच्या ओहोटीचे बीज ठरू शकते. आठवड्याच्या मधल्या दिवसांचे दर कमी ठेवून गर्दी पसरविण्याचा प्रयत्न बहुतेक उद्याने करतात. पण सुट्टी रविवारीच असल्याने त्याला मर्यादा पडतात.

नावीन्य आणि पुनर्गुंतवणूक : नव्या उद्यानात पहिल्या एक-दोन वर्षांत कुतूहलाने लोक येतात. त्यानंतर उपस्थिती खाली बसते आणि एखादे मोठे आकर्षण वाढविले की पुन्हा उचलते. फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथील युनिव्हर्सलच्या ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ या उद्यानात जून २०१० मध्ये हॅरी पॉटरच्या कथाविश्वावर आधारलेला विभाग उघडला. उद्योगातील अंदाजानुसार तेथील उपस्थिती २००९ मध्ये सु. ४६ लक्ष होती, ती २०११ मध्ये सु. ७६ लक्षांवर गेली. पॅरिसजवळील ‘युरो डिझ्नी’ (१९९२) ची कहाणी अधिक उद्बोधक आहे. तेथे लोक आले, पण अपेक्षेइतका मुक्काम व खर्च त्यांनी केला नाही. कर्जाचा बोजा वाढला आणि उद्यान बंद पडणार अशा वार्तांनी १९९४ मध्ये उपस्थिती सु. ८८ लक्षांपर्यंत घसरली. त्याच वर्षी कर्जाची पुनर्रचना झाली. १९९५ मध्ये तिकिटाचे दर उतरविण्यात आले, ‘स्पेस माउंटन’ हा खेळ सुरू झाला आणि उपस्थिती सु. १ कोटी ७ लक्षांवर आली. एकाच वर्षात फ्रेंचांची अभिरुची बदलली असे यावरून कोणी म्हणणार नाही.

घसरणीच्या काळात व्यवस्थापनाला सर्वांत सोपी वाटणारी काटकसर सर्वांत घातक असते. नवा खेळ लांबणीवर पडतो, रंगकाम राहते, दोन खेळांवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागते आणि खाद्यपदार्थांचे दर मात्र वाढतात. प्रेक्षकाने पैसे पूर्ण मोजलेले असतात. त्याला मिळणारे उद्यान अपुरे असते. त्यामुळे उपस्थिती आणखी घटते व पुढील काटकसर अपरिहार्य होते. या चक्राचा शेवट केवळ आर्थिक नसतो. यंत्रांची निगा हीच काटकसरीची बाब बनली, तर प्रश्न प्रेक्षकांच्या जिवाचा होतो.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे : मुंबईत गोराई येथे एस्सेल समूहाने १९८९ मध्ये ‘एस्सेलवर्ल्ड’ सुरू केले. मार्वे किंवा बोरिवलीच्या बाजूने नावेने खाडी ओलांडून तेथे जावे लागे. रस्त्याने भाईंदरमार्गे मोठा वळसा पडे. पहिल्या काळात ही अडचणच मौज ठरली, कारण महानगरात तशा प्रकारचे दुसरे ठिकाण नव्हते. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीने त्याचे नाव राज्यभर गेले आणि मराठवाड्यातील शाळकरी मुलांच्या लेखी ‘मुंबईची सहल’ व ‘एस्सेलवर्ल्ड’ हे जवळजवळ समानार्थी शब्द झाले. १९९८ मध्ये शेजारी ‘वॉटर किंग्डम’ उघडले. पुढे मुंबईत व्यापारसंकुले व बहुपडदा चित्रपटगृहे आली, आठवड्याची सुट्टी घालविण्याचे वातानुकूलित पर्याय घराजवळ मिळू लागले, खाडीपलीकडचा प्रवास मौजेऐवजी दगदग वाटू लागला आणि २०१३ मध्ये खोपोलीचा नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला. महासाथीच्या टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाले. वॉटर किंग्डम मात्र त्यानंतरही चालू राहिले. पाण्यातील खेळांना नावीन्याची गरज तुलनेने कमी असते.

‘इमॅजिका’ चित्रपटव्यवसायातील मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. सु. १,६०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प मोठ्या प्रमाणात कर्जावर उभा होता. ‘नायट्रो’ हे रोलर कोस्टर, ‘मिस्टर इंडिया’ हा चित्रपटावर आधारलेला खेळ, पाठोपाठ जलक्रीडा-उद्यान (२०१४), हॉटेल (२०१५) व हिम-उद्यान (२०१६) अशी भर तेथे पडत गेली. खेळांच्या दर्जाविषयी फारशी तक्रार नव्हती. अडचण होती ती अपेक्षित व प्रत्यक्ष उपस्थितीतील तफावतीची आणि व्याजाची. त्यातच १ जुलै २०१७ पासून प्रवेशशुल्कावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. मूळ तिकीट १,००० रुपयांचे धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाला पहिल्या दराने १,४०० रुपये व दुसऱ्या दराने ९०० रुपये कर पडतो. काठावरच्या कुटुंबाचा बेत रद्द होण्यास हा फरक पुरेसा असतो. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कर्जाच्या तडजोडीसह या कंपनीतील बहुसंख्य हिस्सा घेतला. उद्यान तेच, रस्ता तोच; कर्जाचे ओझे कमी झाल्यावर तेवढ्याच उपस्थितीचा अर्थ मात्र निराळा झाला.

आकस्मिक कारणे : अपघात, नैसर्गिक आपत्ती व साथीचे रोग यांचे परिणाम एकसारखे नसतात. मार्च २०२० मध्ये बंद झालेले कॅलिफोर्नियाचे डिझ्नीलँड ३० एप्रिल २०२१ रोजी पुन्हा उघडले. भीती सर्वांची समान असल्याने अशा संकटानंतर साठलेली मागणी परत येते. अपघाताचे तसे नाही. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स येथे २ जून २०१५ रोजी ‘स्मायलर’ या खेळाच्या दोन गाड्यांची टक्कर होऊन अनेक जण जखमी झाले. त्यानंतर तेथील उपस्थिती घटलीच, पण त्याच कंपनीच्या अन्य उद्यानांनाही झळ पोहोचली. भारतात जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया येथे झोक्यासारखा हलणारा पाळणा तुटून जीवितहानी झाली. अशा घटनेनंतर प्रेक्षक खेळांत निवड करीत नाही, तो सगळ्याच पाळण्यांकडे संशयाने पाहतो. निष्काळजी चालकाच्या चुकीची किंमत काळजी घेणाऱ्यालाही मोजावी लागते, म्हणून तपासणीची सक्ती या व्यवसायाच्याही हिताची आहे.

मोजणीविषयी : उपस्थितीचे प्रसिद्ध होणारे आकडे सावधपणे वाचावे लागतात. डिझ्नीसारख्या कंपन्या उद्यानवार आकडे जाहीर करीत नाहीत; प्रचलित आकडे बाहेरील अभ्यासकांचे अंदाज असतात. एकाच तिकिटावर दोन उद्याने पाहणारा प्रेक्षक दोनदा मोजला जाऊ शकतो आणि सवलतीची किंवा विनामूल्य प्रवेशपत्रे वाटून संख्या फुगविताही येते. दरडोई उत्पन्नाचा आकडा सोबत नसेल, तर उपस्थितीच्या वाढीवरून उद्यानाच्या प्रकृतीचे निदान करता येत नाही.

पैठणचे उद्यान : जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले संत ज्ञानेश्वर उद्यान हे रूढ अर्थाने करमणूक-उद्यान नव्हे, तेथील आकर्षण म्हणजे फुलझाडे, कारंजी व रोषणाई. उस्मानपुऱ्यातील दोन पिढ्यांच्या रविवारच्या सहली मात्र तेथेच झाल्या. निगेअभावी तेथेही गर्दी ओसरली, परंतु दोन्हींच्या ऱ्हासाची जात वेगळी आहे. सुकलेली बाग पाणी व माळी मिळाले की एक-दोन पावसाळ्यांत सावरते. बंद ठेवलेल्या रोलर कोस्टरचे रूळ, धुरा व विद्युत्‌यंत्रणा त्याच पावसाळ्यांत गंजून निकामी होतात. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथील ‘सिक्स फ्लॅग्ज’ उद्यान ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाच्या पुरात बुडाले. ते पुन्हा कधीच उघडले नाही आणि त्याचे सांगाडे पाडण्याचे काम सुरू होण्यास २०२४ साल उजाडले.