हात धरला की पाय शिकतो : दबके आणि आपला रेला

पॅलेस्टाइनचा नाच आणि तो माजरीत कशाला, असं आज दोघातिघांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. नाचाचं नाव दबके. अरबीत त्याचा अर्थ पाय आपटणं. बायका-पुरुष एकमेकांचे हात घट्ट धरून ओळ करतात, ओळ अर्धगोलात सरकते आणि ठरलेल्या ठोक्याला सगळ्यांचा पाय एकदम जमिनीवर पडतो. वर्णन ओळखीचं वाटतंय ना? गडचिरोलीतल्या माडिया-गोंड गावातला रेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना वाटेलच.

दबकेच्या जन्माची एक गोष्ट तिकडे सांगतात. गावातली घरं मातीच्या सपाट छपराची, म्हणजे आपल्याकडच्या धाब्याच्या घरांसारखी. पावसाआधी छपराची माती दाबून पक्की करायची. एकट्याचं काम नाही, म्हणून शेजारी यायचे, हात धरून ओळीनं माती तुडवायचे आणि ताल चुकू नये म्हणून गायचे. ही लोककथा आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. पण नाच शिकायला ती फार उपयोगाची, कारण पाय कसा टाकायचा ते तिच्यातच आहे. पाय हवेत दाखवायचा नाही, वजनासकट खाली द्यायचा.

आता शिकणं. दबकेची नेहमीची चाल सहा मात्रांची असते. डावा पाय उजव्यापुढून टाका, उजवा बाजूला. पुन्हा तेच. मग एक झटका आणि एक आपट. गंमत अशी की संगीत बहुतेक वेळा चार मात्रांचं असतं. सहा आणि चार, म्हणजे बारा मात्रांनी दोन्ही पुन्हा एकत्र येतात. मधल्या काळात आपट दरवेळी तालाच्या वेगळ्या जागी पडते. कागदावर मांडून शिकायला गेलात तर डोकं चक्रावेल. तिथलं पोरगं मोजत नाही, लग्नात ओळीच्या शेपटाला लागतं. शेजारच्या माणसाचं वजन उजवीकडे गेलं की धरलेला हात ओढला जातो. आपट येणार असेल तर खांदा आधीच सांगतो. डोळ्यांच्या आधी हाताला कळतं.

ओळीच्या टोकाला जो असतो त्याला लव्वीह म्हणतात. हातात रुमाल किंवा जपमाळ फिरवत तो उड्या, गिरक्या घेतो, ओळीला इशारे देतो. टोकाला जाणकार, शेपटाला नवखे. म्हणजे ओळ हीच शाळा, आणि वर्ग कोणता ते जागेवरून कळतं.

गरब्याशी तुलना करून बघा. युनेस्कोच्या वारसा यादीत दबके आणि गरबा एकाच बैठकीत, 2023 साली गेले. दोन्ही फेराचे, पण गरब्यात हात मोकळे. त्यामुळे नवख्याला बघून शिकावं लागतं, आणि म्हणून नवरात्राआधी गरब्याचे क्लास निघतात, फी लागते. वाईट नाही ते. पण रेल्याचा क्लास कुणी काढला नव्हता, कारण गरज नव्हती. कमरेमागून हात गुंफले, एका बाजूनं गाणं म्हटलं, दुसरीनं उचललं, बारकी पोरं कडेला लोंबकळली. झाली सुरुवात.

इथंच माझी काळजी आहे. हल्ली स्नेहसंमेलनात रेला बसवतात तो मोबाइलवर बघून. मुलं प्रेक्षकांकडे तोंड करून रांगेत उभी, हात सुटे, तोंडानं एक-दोन-तीन-चार. गाणं स्पीकरमधून येतं, म्हणजे गाण्याचीही गरज उरत नाही. ज्याला येत नाही त्याला बाई बाहेर काढतात, कारण तो रांग बिघडवतो. नाच तोच दिसतो, पण न येणाऱ्याची जागाच गेलेली असते.

मग रंगमंच नकोच का, असं इथल्या एका ताईंनी विचारलं. तसं नाही. अल्-बिरेह इथला अल्-फुनून हा संघ 1979 पासून दबके मंचावर नेतोय. 1948 मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोकांची गावं सुटली, छावण्यांत वेगवेगळ्या गावांची माणसं शेजारी आली. अशा वेळी मंचानंही नाच जपला. पण लग्नातली ओळ चालू राहिली म्हणून मंचाला माणसं मिळत गेली. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशासाठी गाव उठतं, माणसं कॉलनीत येतात, तेव्हा घरं मोजली जातात. फेर धरायचं अंगण कुठल्याच यादीत येत नाही. ते मागून घ्यायला हवं, असं मला वाटतं.

शाळेत बसवणाऱ्यांना एकच सुचवतो. पहिला आठवडा आरसा नको, मोबाइल नको. गोल करा, हात धरा, एक येणारा आणि दोन न येणारे असे उभे करा. गावातली एखादी गाणारी आजी असेल तर तिला बोलवा, स्पीकर बंद. रांगा शेवटच्या दोन दिवसांत करा.

आणि मूळ जागी बघायचं असेल तर दिवाळीच्या आधीच्या दिवसांत आदिलाबादकडच्या गोंड गावांत जा. तिथं दंडारी असते. आपली झाडीपट्टीतली दंडार म्हणजे नाटक, ही वेगळी. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी, ढोल, एका गावाचा मेळा दुसऱ्या गावाला पाहुणा. मारलवाईच्या कनक राजू यांना याच गुसाडी नाचासाठी 2021 ची पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले. माजरी जंक्शनवरूनच वणीमार्गे तिकडे रेल्वेचा फाटा जातो. जाल तेव्हा शूटिंग थोडं कमी करा. ढेमशाच्या ओळीतून कुणी हात पुढे केला आणि तुमच्या हातात मोबाइल असला, तर तो हात पुढच्या माणसाकडे जातो.