झोपेची गरज आणि निरोगी झोपेच्या सवयी

झोपेची गरज म्हणजे दिवसभर शरीराने व मनाने ताजेतवाने राहण्यासाठी एखाद्या व्यक्तीला लागणारा झोपेचा कालावधी होय. ही गरज वयानुसार बदलते आणि एकाच वयाच्या दोन व्यक्तींमध्येही ती सारखी नसते. ती ओळखून झोपण्या-उठण्याच्या वेळा, झोपण्याची जागा व दिनचर्या यांची योग्य मांडणी करणे, याला निरोगी झोपेच्या सवयी म्हणतात. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत.

वयानुसार गरज

अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार चोवीस तासांतील झोपेचे प्रमाण पुढीलप्रमाणे असावे :

- ३ ते ५ वर्षे : १० ते १३ तास
- ६ ते १३ वर्षे : ९ ते ११ तास
- १४ ते १७ वर्षे : ८ ते १० तास
- १८ ते ६४ वर्षे : ७ ते ९ तास
- ६५ वर्षे व त्यापुढे : ७ ते ८ तास

हे आकडे सर्वसाधारण मर्यादा दर्शवितात. त्या मर्यादेत आपली गरज नेमकी कोठे आहे, हे निरीक्षणानेच ठरवावे लागते.

झोप येण्याची प्रक्रिया

झोपेचे नियमन प्रामुख्याने दोन प्रक्रियांनी होते, असे प्रतिमान अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले. पहिली प्रक्रिया म्हणजे झोपेचा वाढता दाब. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन हे द्रव्य साठत जाते व झोपेची ओढ वाढते. झोपेत हा साठा कमी होतो. चहा-कॉफीतील कॅफिन ॲडेनोसीनचा परिणाम रोखते, म्हणून तरतरी वाटते. झोपेची गरज मात्र त्याने भागत नाही. दुसरी प्रक्रिया म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील चेतापेशींचा लहानसा पुंजका डोळ्यांत येणाऱ्या प्रकाशावरून दिवस-रात्रीचा मेळ राखतो. अंधार पडल्यावर पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते व शरीर झोपेसाठी सिद्ध होते.

अपुऱ्या झोपेचे परिणाम

अपुऱ्या झोपेमुळे एकाग्रता, स्मरणशक्ती व निर्णयक्षमता यांवर परिणाम होतो, चिडचिड वाढते आणि वाहन चालविताना अपघाताचा धोका संभवतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सलग १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोप घेणाऱ्यांची कार्यक्षमता दिवसेंदिवस घसरत गेली. संपूर्ण एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी ती खालावली. परंतु आपण किती मंदावलो आहोत, याची जाणीव त्यांना फारशी नव्हती. त्यामुळे ‘मला कमी झोप पुरते’ ही स्वतःविषयीची समजूत नेहमीच विश्वसनीय नसते.

स्वतःची गरज ओळखणे

सुट्टीचे सलग दोन आठवडे यासाठी सोयीचे असतात. रोज रात्री ठरावीक वेळी झोपावे व गजर न लावता आपोआप जाग येईल तेव्हा उठावे. झोपण्याची व उठण्याची वेळ, तसेच दुपारी वाटणारी तरतरी किंवा पेंग यांची वहीत नोंद ठेवावी. सुरुवातीचे काही दिवस आधीची राहिलेली झोप भरून निघत असल्याने झोप अधिक लागते. ते हिशोबात धरू नयेत. त्यानंतरच्या दिवसांची सरासरी ही साधारणपणे त्या व्यक्तीची गरज असते. ती ८ तास निघाली आणि सकाळी ६ वाजता उठणे भाग असेल, तर रात्री १० वाजता झोप लागलेली असली पाहिजे. गजराशिवाय जाग न येणे, सुट्टीच्या दिवशी बराच वेळ अधिक झोपणे व वर्गात डोळे मिटणे ही झोप अपुरी असल्याची लक्षणे होत.

उपयुक्त सवयी

- उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवावी. सर्व सवयींचा हा पाया आहे.
- सकाळी काही वेळ उजेडात जावे. रात्री दिवे मंद करावेत व मोबाइल अंथरुणापासून दूर ठेवावा.
- सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास सुमारे ५ तास लागू शकतात.
- वामकुक्षी अर्ध्या तासाच्या आत व दुपारी लवकर आटोपावी.
- बराच वेळ झोप न आल्यास तळमळत न पडता उठून मंद उजेडात शांतपणे काही वाचावे आणि पेंग आल्यावर पुन्हा अंथरुणावर जावे.

विद्यार्थी आणि झोप

दिवसा शिकलेल्या गोष्टी स्मृतीत पक्क्या होण्यास झोपेची मदत होते. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास अनेकदा हानिकारक ठरतो. किशोरवयात जैविक घड्याळ पुढे सरकते व झोप उशिरा येते. या मुलांचे सकाळी न उठणे हा केवळ आळस नसतो. लहान मुलांची अपुरी झोप लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला.

वैद्यकीय सल्ला

पुरेसा वेळ झोपूनही दिवसा पेंग येणे, मोठ्याने घोरताना श्वास अडकणे किंवा आठवड्यातून तीन-चार रात्री झोप न लागणे असे प्रकार महिनोन्‌महिने चालू राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. जुनाट निद्रानाशावर बोधात्मक वर्तनोपचार हा पहिला उपाय मानला जातो. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.