गुलमोहर उतरवताना

सकाळी 6.30. पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत भिंतीवर रेललेला गुलमोहर उतरवायचा आहे. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हातात पडल्याशिवाय मी कटर गाडीत चढवत नाही. 1975 चा झाडांचा कायदा खासगी आवारालाही लागू आहे, हे निम्म्या सेक्रेटरींना पटतच नाही.

7.15. पोरांचा चहा होईतो मी फोटो काढतो : शेजारची भिंत, तिला आधीच गेलेला तडा, पत्र्याची शेड, उभ्या गाड्या. एक गाडी हलणार नाही. मालक बाहेरगावी, किल्लीही त्यांच्याकडेच. तिच्यावर ताडपत्री आणि जुन्या गाद्या टाकल्या. तिकडची फांदी दोराने उतरवायची.

8.30. झाड सबंध पाडायचं तर उंचीच्या दुप्पट मोकळी जागा लागते. इथे कुठली? म्हणून शेंड्यापासून तुकडे. आधी फांदीच्या खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून, उरलेला खुंट शेवटी. थेट वरून कापली तर फांदी चिरफाळते, बुंध्याची साल ओढते आणि चढलेल्या माणसावरच येते.

11.40. मुकादम ओरडला, "ढील दे!" बाहेरून ठणठणीत दिसणारी फांदी आतून पोकळ निघाली. अर्धी दोरात राहिली, अर्धी गाडीच्या मागच्या काचेवर. गाद्या छतावर होत्या.

काम थांबवलं. सेक्रेटरी म्हणाले, "भरून देताय ना?" जिभेवर 'देतो' आलं होतं. पण माझ्या दायित्व विम्यात अट आहे : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देतो म्हणायचं नाही. माणुसकीला हे फार कोरडं वाटतं. तरी अट मोडली तर दावाच अडतो. म्हणालो, "काका, कंपनीला आत्ताच कळवतो. तुम्ही मालकांना फोन लावा."

मालक फोनवर तापले, आणि त्यांचंही बरोबरच. नुसता थर्ड पार्टी विमा असता तर त्यांच्या कंपनीने दमडी दिली नसती. त्यांचा संपूर्ण आहे, काचेवर घसाराही कापत नाहीत. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. तो का घालवावा? शिवाय त्यांच्या कंपनीने पैसे दिले, तरी ती वसुलीला माझ्या दारात येऊ शकतेच.

2.30. उरला माणूसभर उंचीचा बुंधा. पडायच्या बाजूला खाच, मागून किंचित वरच्या पातळीला काप, मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढं लाकूड न कापता ठेवायचं. तेच बिजागरीसारखं बुंध्याला दिशा देतं. कटर चालवणाऱ्याला मागे तिरकं पळायची वाट आधीच मोकळी केली होती. बुंधा हवा तिथे पडला. पोरांच्या विम्याची पॉलिसी वेगळी. दायित्वाचा विमा परक्यांच्या नुकसानीचा, माझ्या माणसांच्या हातापायांचा नव्हे.

5.15. फोटो, परवानगी, घटनेची वेळ, सगळं ईमेलने गेलं. सर्वेक्षक उद्या येणार. तोवर ती पोकळ फांदी जागची हलवायची नाही म्हटल्यावर सेक्रेटरींचं नवं गाऱ्हाणं : दोन गाड्यांची जागा अडली, त्या लावायच्या कुठे?