बनवाबनवी : हसायचं कुणावर?

दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या बशा रिकाम्या झाल्या की कुणीतरी टीव्ही लावतं, आणि थोडी शोधाशोध केली की 'अशी ही बनवाबनवी' सापडतोच. गेल्या पाडव्यालाही तसंच झालं. भाडेकरू धनंजय माने आणि त्याचे आधीचे घरमालक विश्वासराव सरपोतदार समोरासमोर आले तशी माझी आत्या सरसावून बसली. तिला वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि मधुमेहाच्या औषधाचा तो प्रसंग तिचा सगळ्यांत लाडका. प्रसंग संपला तेव्हा ती पदरानं डोळे टिपत होती.

तासाभरानं अकरावीतली भाची म्हणाली, "मनीषा सुधाला मैत्रीण समजून सगळं सांगते ना? मग तो पुरुष आहे हे कळल्यावर तिला कसं वाटलं असेल?" खोली एकदम शांत झाली. तिचा मामा म्हणाला, "अगं, विनोद आहे, विनोद म्हणून बघ." त्यावर ती काही बोलली नाही, मोबाइल घेऊन आत गेली.

मला तिचं ते उठून जाणं लागलं. हा सिनेमा मला फार प्रिय आहे, आणि तरी तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेल्या या सिनेमावर आज घरोघरी असे दोन तट पडतात. एका तटाला त्याचे संवाद तोंडपाठ असतात, दुसऱ्याला तो अधूनमधून बोचतो. या दोन्ही तटांचं म्हणणं नीट ऐकायचं तर आधी सिनेमा कशावर उभा आहे ते पाहायला हवं.

आधी घर, मग गंमत

गोष्टीचं मूळ जुनं आहे. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मध्ये राहायला जागा मिळावी म्हणून मित्रांपैकी दोघं बायका होतात. हेमंतकुमारांची निर्मिती असूनही तो सिनेमा फारसा चालला नाही. बावीस वर्षांनी ही कल्पना किरण शांताराम यांची निर्मिती, सचिन पिळगांवकर यांचं दिग्दर्शन आणि वसंत सबनीस यांची लेखणी अशा हातांत आली आणि पुण्यात येऊन मराठी झाली. लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात जागा मिळणार ती जोडप्यांनाच. मग परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा होते, आणि धनंजय व शंतनू त्यांचे नवरे.

हे वेडगळ वाटतं, पण पाया खरा आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या जागांची भाडी १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली होती. एकदा भाडेकरू शिरला की तो निघत नाही, या धास्तीनं मालक जागा द्यायलाच कचरत. नवा कायदा लागू झाला तो थेट २००० साली. नोकरीसाठी शहरात आलेल्या तरुणाला खोली मिळवणं म्हणजे मालकाची मर्जी सांभाळणं होतं. 'बॅचलर्सना जागा नाही' हे वाक्य तर आजही पुण्यात ऐकू येतं. म्हणून धनंजय मानेची लबाडी आपल्याला लबाडी वाटत नाही, ती गरज वाटते. प्रेक्षक पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या बाजूचा होऊन जातो.

सत्तर रुपयांचा हिशोब

आत्याचा तो लाडका प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी सत्तर रुपये दिलेले आहेत. औषध इस्तंबूलहून यायचं होतं, आणि ते आणणारा माणूस आता या जगात नाही, म्हणजे पैसेही गेले, असा मानेंचा हिशोब. सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींचा आवाज प्रत्येक प्रश्नाला एक पायरी वर चढतो. समोर माने झालेले अशोक सराफ मात्र दुखवट्याला आलेल्या माणसासारखा पडेल चेहरा करून बसतात. ते एकदाही हसत नाहीत, घाई करत नाहीत, उत्तर देण्याआधी अर्धा क्षण थांबतात. सगळं हसू त्या अर्ध्या क्षणात दडलेलं आहे.

हा प्रसंग ऐकताना मला तमाशातली बतावणी आठवते. एकानं सरळ विचारायचं, दुसऱ्यानं प्रत्येक उत्तराला प्रश्नच वाकडा करून टाकायचा. सबनीस हे 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याचे लेखक, तेव्हा ही घडण त्यांच्या हातातच होती. आणि मुख्य म्हणजे, इथं हसू मधुमेहाला नाही. ते भाडेकरूच्या निगरगट्टपणाला आणि चिडलेल्या मालकाच्या अडकलेल्या पैशाला आहे. रोज इन्सुलिन घेणारी आत्या म्हणूनच मोकळेपणी हसू शकते.

साडीचा प्रश्न

दुसरा तट बोट ठेवतो ते पुरुषांनी बायका होण्यावर. पहिल्या तटाचं उत्तर तयार असतं : आपल्याकडे हे कधीचं चालत आलंय. खरंच आहे. गवळणीतली मावशी पुरुषच असतो. आचार्य अत्र्यांनी ब्रँडन थॉमसच्या इंग्रजी फार्सवरून 'मोरूची मावशी' लिहिलं आणि विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरांत नेली. आणि १९८८ हे तर बालगंधर्वांचं जन्मशताब्दी वर्ष.

पण या परंपरेत दोन वेगळ्या वाटा आहेत आणि आपण त्या एकत्र करतो. बालगंधर्वांना पाहताना प्रेक्षक पुरुष विसरायचा, हीच त्यांची कला होती. फार्समध्ये उलट असतं, साडीखालचा पुरुष एक क्षणही विसरायचा नसतो. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती हसवते ती तिचं पितळ आता उघडं पडतं की काय या भीतीमुळे. डोहाळजेवणाच्या गाण्यात आपण गरोदर बाईला हसत नाही. एका थापेपायी दुसरी थाप रचत कुठवर येऊन पोचलो, या परशाच्या केविलवाण्या अवस्थेला हसतो. इथवर मी पहिल्या तटाबरोबर आहे.

मनीषापाशी मात्र मी थांबतो. सरपोतदार जागेचे मालक आहेत, त्यांच्याशी केलेली लबाडी वर बसलेल्या माणसाशी केलेली आहे. मनीषाच्या हाती अशी कुठलीही सत्ता नाही. ती फक्त विश्वास टाकते, आणि ज्या सुधावर टाकते ती म्हणजे तिच्या प्रेमात असलेला, वेष पालटलेला सुधीर असतो. तिथं प्रसंग गमतीचा राहतो, पण गंमत तिच्या अजाणतेपणावर चालते. १९८८च्या प्रेक्षकाला ते खटकलं नाही, आज माझ्या भाचीला खटकतं, आणि तिचं खटकणं रास्त आहे.

थिल्लरपणाची जुनी तक्रार

तिसरं मत सिनेमाइतकंच जुनं आहे. 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' देणाऱ्या मराठी पडद्यावर हा धांगडधिंगा कशाला, असं म्हणणारे तेव्हाही होते. 'धूमधडाका', 'गंमत जंमत'पासून विनोदाची लाट आली आणि पुढे तिच्यात नकलांचा गाळही पुष्कळ वाहून आला, हे नाकारता येत नाही. पण व्हिडिओ आणि दूरदर्शन घरात शिरत असताना मराठी माणसाला सहकुटुंब चित्रपटगृहात बसवलं ते याच सिनेमांनी. आणि 'बनवाबनवी' त्या गाळात मोजू नये. इतकी पात्रं, इतक्या थापा असूनही यात कोण कुणाला काय म्हणून माहीत आहे, याचा धागा कुठंही तुटत नाही. इतकी शिस्त असल्याशिवाय असा वेडेपणा जमत नाही.

सुधीर जोशी, लक्ष्मीकांत बेर्डे, सिद्धार्थ रे आज नाहीत. त्यांचं काम मात्र आत्याला अजून डोळ्यांत पाणी येईतो हसवतं. माझ्यापुरता निवाडा असा : जिथं हसू परिस्थितीवर आणि सत्तेवर आहे, तिथं हा सिनेमा आजही ताजा आहे. जिथं ते एखाद्याच्या विश्वासावर आहे, तिथं त्याचं वय दिसू लागलं आहे. त्यामुळे तो कमी आवडायचं कारण नाही, पण ते मान्य करायला हवं.

या दिवाळीत तो पुन्हा लागेल. तुमच्या घरातल्या कुणी तरुण मुलीनं असा प्रश्न विचारला तर 'विनोद म्हणून बघ' असं म्हणून तिला गप्प करू नका. टीव्हीचा आवाज जरा कमी करा आणि तिचं पूर्ण ऐकून घ्या. मग सत्तर रुपयांचा प्रसंग पुन्हा लावा आणि तिच्या शेजारी बसून बघा.