श्रम व रोजगार अध्ययन

काम कोण करतो, कोणासाठी करतो, कोणत्या अटींवर करतो आणि त्या अटी ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी सामाजिक शास्त्रांची एक शाखा. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, विधी व मानसशास्त्र या विषयांशी तिचा निकटचा संबंध असला, तरी तिचे अध्यापन मुख्यत्वे विद्यापीठांच्या वाणिज्य व व्यवस्थापन विभागांतून होते. भरती व बडतर्फी, वेतन, कामाचे तास, कामगार संघटना, सामुदायिक वाटाघाटी, औद्योगिक कलह व सामाजिक सुरक्षा हे तिचे परंपरागत विषय होत. शेत, बाजार, रस्ता व घर येथील श्रमांना तिच्यात उशिरा स्थान मिळाले. नांदेड व लातूर यांसारख्या जिल्ह्यांत मात्र बहुसंख्य लोक याच ठिकाणी काम करीत असल्यामुळे तेथे हा विषय शिकविताना त्याचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो.

विकास : सिडनी व बिअ‍ॅट्रिस वेब या इंग्रज दांपत्याने १८९७ मध्ये औद्योगिक लोकशाहीवर लिहिलेला ग्रंथ या शाखेचा पाया मानला जातो. ‘सामुदायिक वाटाघाटी’ ही संज्ञाही बिअ‍ॅट्रिस वेब यांचीच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९४५ मध्ये औद्योगिक व श्रमसंबंधांचे स्वतंत्र विद्यालय निघाले. जॉन डनलप यांनी १९५८ मध्ये मालक, कामगार व शासन या तीन घटकांची एक व्यवस्था म्हणून विषयाची मांडणी केली आणि ती पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. १९८० नंतर संघटनांचे बळ ओसरू लागले, तसे ‘औद्योगिक संबंध’ हे नाव मागे पडून ‘मानव संसाधन व्यवस्थापन’ हे नाव रूढ झाले. हे केवळ नामांतर नव्हते. पहिल्या नावात दोन पक्ष गृहीत धरलेले होते. दुसऱ्यात बोलणारा पक्ष एकच उरला.

भारतात हा विषय समाजकार्याच्या मार्गाने आला. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात कारखान्यांतून श्रम-अधिकारी नेमण्याची शिफारस केली. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय (पुढील काळातील टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाले, तर १९४७ मध्ये श्रमविषयक शिक्षणासाठी मुंबईत वेगळी शासकीय संस्था स्थापन झाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर कल्याण-अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. या तरतुदीने पदवीधारकाला नोकरी दिली आणि अभ्यासक्रमाला एक साचा दिला. तो साचा पाचशे कामगारांच्या कारखान्याचा होता.

मराठवाड्यातील अध्यापन : १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या प्रदेशात असे कारखाने मोजकेच होते. नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी त्यांपैकी एक; तीही पुढे बंद पडली. औरंगाबाद येथे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर प्रदेशात वाणिज्य शिक्षणाचा विस्तार झाला. त्या विद्यापीठाच्या विभाजनातून १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठाच्या नांदेडजवळील विष्णुपुरी परिसरात वाणिज्य व व्यवस्थापनशास्त्र संकुल असून लातूर येथे विद्यापीठाचे उपकेंद्र आहे.

ज्यांचे नाव या विद्यापीठास दिले आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून सर्वज्ञात आहेत. मराठवाड्यात राष्ट्रीय शाळेचे शिक्षक म्हणून येण्यापूर्वी ते कामगार चळवळीत होते आणि ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांचे सचिव म्हणून त्यांनी काम केले होते, हे तितकेसे ज्ञात नाही. श्रमांचा प्रश्न आणि वर्गातील अध्यापन ही दोन्ही कामे त्यांच्या चरित्रात एकत्र आढळतात.

ऊसतोडणी : प्रमाण पाठ्यपुस्तकातील तीन घटकांची व्यवस्था या प्रदेशात कोठे अपुरी पडते, हे ऊसतोडणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बालाघाट डोंगररांगेच्या परिसरातील मुखेड, कंधार, जळकोट अशा कोरडवाहू तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास तोडणी कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात व उन्हाळ्याच्या प्रारंभी परततात. मुकादम त्यांना हंगामापूर्वीच ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावारी मजुरीतून फेडून घेतली जाते. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर जाते. म्हणजे कामगार मजुरीसाठी बांधला जातो त्याआधीच तो कर्जाने बांधलेला असतो. पतिपत्नींच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात व एकट्याने काम करणारा ‘अर्धा कोयता’ ठरतो. हिशेब जोडीचा व व्यवहार पुरुषाच्या नावे होत असल्याने स्त्रीची मजुरी वेगळी दिसतच नाही. मालक कोण, या प्रश्नाला कारखाना वाहतूक कंत्राटदाराकडे बोट दाखवितो, कंत्राटदार मुकादमाकडे. आणि मुकादम हा पुष्कळदा त्याच गावातला, कधी नात्यातलाही असतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील बारडोली भागात खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड कामगारांचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही मध्यस्थ व आगाऊ रक्कम यांवर उभी असलेली अशीच रचना आढळली. नांदेडच्या व्यवस्थापन-विद्यार्थ्यास हा विषय शिकण्यासाठी बारडोलीस जाण्याची गरज नाही. करारातील पक्ष कोण, एवढा एकच प्रश्न घेऊन मुखेडच्या एखाद्या टोळीचा हिशेब मांडून पाहिला, तरी त्याच्या हाती पाठ्यपुस्तकातील प्रकरणापेक्षा अधिक काही येते.

बाजारपेठ : लातूरची बाजारपेठ तूर, सोयाबीन आदी मालासाठी प्रसिद्ध असून तिच्याशी डाळगिरण्या संलग्न आहेत. बाजारातील हमालास एकच मालक नसतो. सकाळी एका अडत्याच्या दुकानी तर दुपारी दुसऱ्याच्या, असे त्याचे काम चालते. अशा श्रमांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम केला. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या मुंबईच्या माथाडी कामगारांच्या लढ्याची पार्श्वभूमी त्यास होती. या कायद्यानुसार मंडळाकडे व्यापारी व कामगार या दोघांचीही नोंदणी होते. व्यापारी मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात भरतो आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस इ. लाभ मंडळामार्फत मिळतात. मालक निश्चित करता येत नसतानाही मालकाची जबाबदारी निश्चित करण्याची ही युक्ती श्रमविषयक कायद्यांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. व्यवस्थापनाच्या प्रचलित पाठ्यपुस्तकांत तिला क्वचितच एखादे पान मिळते.

रोजगार हमी : वि. स. पागे यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे झालेल्या प्रयोगातून ही योजना उदयास आली. १९७२ च्या सुमारास ती राज्यभर लागू झाली आणि १९७७ च्या अधिनियमाने तिला कायद्याचे स्वरूप मिळाले. त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून झाली. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम आणि ते न मिळाल्यास बेकारी भत्ता, हे तिचे सूत्र. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. नोकरीस लागलेल्या पदवीधराच्या वेतनचिठ्ठीतील ती लहानशी वजावट मुळात गावच्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्याच्या मजुरीसाठी होती, हे फारच थोड्या पदवीधरांना ठाऊक असते. या कामांवरील मजुरी मोजमापानुसार ठरे आणि काळी माती, मुरूम व खडक यांचे दर निराळे असत. त्यामुळे मस्टर कसे भरले जाते व मोजणी कोण करतो, हा वेतनसिद्धांताचाच प्रश्न ठरतो. संसदेने २००५ मध्ये देशासाठी रोजगार हमीचा अधिनियम केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता.

शिक्षणक्षेत्रातील रोजगार : ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षा-तयारीच्या पद्धतीमुळे लातुरात शिकवणी वर्ग, वसतिगृहे, खानावळी व अभ्यासिका यांचा एक उद्योगच उभा राहिला आहे. त्यात नामांकित शिक्षकांपासून डबे पोचविणाऱ्यांपर्यंत अनेकांची उपजीविका सामावलेली आहे. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक हा आणखी एक वर्ग. त्यांना घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते, सुटीच्या काळाचे मिळत नाही, आणि नेमणूक दर वर्षी नव्याने होते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रोजगाराच्या अटींवरील पाठ हेच अध्यापक देतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात ‘उद्योग’ या संज्ञेचा व्यापक अर्थ लावून शिक्षणसंस्थांचाही तीत अंतर्भाव केला. मात्र १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, शिक्षक हा १९४७ च्या औद्योगिक कलह अधिनियमानुसार ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला. तो अधिनियम आता राहिलेला नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने त्याची जागा घेतली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.