आधी कापड, मग डाग

काउंटरवर टेबलक्लॉथ आला की गिऱ्हाईक आधी डाग दाखवतं. कुठे पडला, कधी पडला, कुणाच्या हातून पडला, सगळं सांगून होतं. माझे सासरे, म्हणजे आबा, ते शांतपणे ऐकून घ्यायचे. पण त्यांची बोटं तोवर कापडाची कड उलटून शिवण चाचपत असायची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी कोल्हापुरातल्या या परटाच्या घरात सून म्हणून आले, तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. "पोरी, डाग नंतर. आधी कापड काय आहे ते बघ."

त्यामागचं कारण मला माझ्या पुस्तकातून ठाऊक होतं, फक्त टेबलक्लॉथशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता. सुती कापड आणि लिनन ही झाडापासून येतात. सूत कापसाचं, लिनन अळशीच्या जातीच्या फ्लॅक्सच्या खोडाचं. दोन्ही म्हणजे सेल्युलोज. त्यांना साबण, सोडा, गरम पाणी चालतं. कडक आम्ल मात्र सोसत नाही. रेशीम हे आपल्या केसांसारखं प्रथिन. त्याचं नेमकं उलट असतं. धुण्याच्या सोड्यानं ते निस्तेज आणि खरबरीत होतं आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर अक्षरशः विरघळतं. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनतं. ते आम्लाला घाबरत नाही, घरगुती सोड्यालाही नाही, पण उष्णतेला घाबरतं आणि तेलाला धरून बसतं.

आमच्याकडे पूर्वी भट्टी होती. सुती कपडे सोडा-साबणाच्या पाण्यात भिजवून, पिळून, भट्टीवर रचून ठेवायचे आणि रात्रभर वाफेवर सोडायचे. खानावळींची टेबलावरची जाड पांढरी कापडं त्यातून सकाळी अशी निघायची की नीळ नावालाच लागायची. पुढे टेरीकॉट, म्हणजे सुतात पॉलिएस्टर मिसळलेलं कापड, आलं. भट्टीत घातलेलं टेरीकॉट असं चुरगळून निघतं की ती चुणी इस्त्रीनंही मोडत नाही, कारण साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे पॉलिएस्टरचा धागा नरम पडतो आणि ज्या आकारात थंड होईल तोच आकार धरतो. आबांना यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण टेरीकॉट त्यांनी भट्टीच्या जवळपाससुद्धा फिरकू दिलं नाही.

घरी कापड ओळखायचं असेल तर आधी पाण्याचा थेंब टाकून बघा. सूत आणि लिनन तो लगेच पितं, पॉलिएस्टरवर तो बराच वेळ तसाच उभा राहतो. नव्या कापडावर कारखान्यातली खळ असते, तेव्हा ही परीक्षा एकदा धुऊन झाल्यावर करायची. तरी शंका उरली तर शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत, लिनन, व्हिस्कोस कागदासारखे जळतात, मागे मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि काळा मणी बोटांनी चुरगळता येतो. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि त्याचा कडक मणी फुटत नाही. हे न्हाणीघरात, पाण्याची बादली शेजारी ठेवून करा.

आता डाग. कोल्हापुरात लाँड्री चालवायची म्हणजे तांबड्या रश्शाशी रोजचा सामना. त्या एका डागात तीन गोष्टी असतात: तेल, हळद आणि मिरचीचा लाल रंग. हळदीचा आणि मिरचीचा रंग पाण्यापेक्षा तेलात विरघळतो, म्हणून लोक पहिल्यांदा जे करतात, म्हणजे तांब्याभर पाणी ओतून हातानं खसाखसा चोळतात, त्यानं रस्सा पसरतो आणि धाग्यात आत जातो. त्याऐवजी चमच्याच्या कडेनं वरचा थर उचलून घ्या. जुन्या सुती फडक्यानं किंवा टिश्यूनं नुसता दाबून तेल टिपा. मग कोरड्या कापडावरच भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून बोटानं हलके मुरवा. पाणी अजून नाही. दहा-पंधरा मिनिटांनी कोमट पाण्यानं मागच्या बाजूने धुवा, म्हणजे सुटलेलं तेल आलं त्या वाटेनं बाहेर जातं.

इथे एक गोष्ट हमखास घडते. साबण किंवा सोडा लागला की पिवळा डाग एकदम लालभडक होतो आणि घरातली बाई घाबरून फोन करते. डाग वाढलेला नसतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, तेच कुंकू करताना चुन्यामुळे होतं. साबण नीट निघेपर्यंत खळबळा, हवं तर पाण्यात लिंबाचे चार थेंब टाका, रंग परत पिवळ्यावर येतो. उरलेल्या पिवळ्याला औषध एकच, ऊन. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, मिरचीचा रंगही टिकत नाही. पांढरा सुती किंवा लिननचा टेबलक्लॉथ ओला असतानाच डाग वर येईल असा कडक उन्हात टाका. एक दिवस, दोन दिवस. मी गिऱ्हाइकाला पांढऱ्या सुतावरच्या हळदीची हमी देते ती या उन्हाच्या जिवावर, कुठल्या पावडरच्या नाही. रंगीत कापडाला मात्र ऊन मूळ रंगासकट खातं, तेव्हा तिथे डागाचा भाग तेवढा उघडा ठेवून बाकीचं झाकायचं आणि तासातासानं बघायचं.

पॉलिएस्टरवरच्या रश्शाला जास्त चिकाटी लागते. तेल आणि तो धागा एकमेकांना सोडत नाहीत. लिक्विड अर्धा-एक तास राहू द्यावं, पाणी हाताला सोसेल इतकंच गरम घ्यावं आणि तेल पूर्ण गेल्याशिवाय कापड वाळवू नये.

दूध, अंडं, दही यांचे डाग पडले तर पहिलं पाणी गारच हवं. गरम पाण्यात हे प्रथिन अंड्याच्या बलकासारखं घट्ट होऊन धाग्यात बसतं. पांढरा रस्सा आणि सोलकढी दोन्हींत नारळाचं दूध असतं, म्हणून त्यांनाही हाच नियम: आधी गार पाणी, मग तेलासाठी लिक्विड, मग सोलकढीतल्या कोकमाकडे वळायचं. कोकम आणि जांभूळ यांचा रंग सोडा लागला की निळसर-हिरवट होतो. तेव्हाही घाबरायचं कारण नाही, लिंबू पिळलं की तो पुन्हा लालसर होतो आणि मग धुतला जातो. बिनदुधाचा चहा किंवा जांभळाचा ताजा डाग साध्या पांढऱ्या सुतावर असेल तर पातेल्यावर कापड ताणून बांधा आणि उकळतं पाणी थोड्या उंचीवरून डागावर ओता. रेशमावर, व्हिस्कोसवर, टेरीकॉटवर हा प्रयोग चुकूनही नको.

केळीच्या पानाचा आणि कच्च्या आंब्याचा चीक यांना मी हात जोडते. सणाला पानावर जेवण वाढता तेव्हा देठाचा कापलेला भाग टेबलक्लॉथवर टेकू देऊ नका, एवढंच सांगू शकते. चीक वाळला की तो धाग्याचाच होतो. हाच गुण हेरून परटांनी पिढ्यान्‌पिढ्या बिब्बा वापरला. माझ्या आजेसासूबाई बिब्ब्यात सुई टोचून त्याच्या रसानं कापडाच्या कोपऱ्यात घराघराची खूण करायच्या, वर चुना लावला की ती काळीकुट्ट. भट्टीतून कितीही वेळा गेली तरी कापड फाटेपर्यंत खूण हलायची नाही. त्यांच्या बोटांवर त्या रसानं भाजल्याचे व्रण शेवटपर्यंत होते. आता आम्ही कागदी चिठ्ठी टाचतो, आणि त्या हातांची आठवण झाली की बरंच वाटतं.

हल्ली टेबलावर खणाचे रनर आणि मॅट दिसतात. गुळेदगुड्डच्या खणाची ती बारीक वीण मला मनापासून आवडते, पण धुण्याच्या दृष्टीनं हे अवघड कापड. त्यात सूत, रेशीम, रेयॉन, पॉलिएस्टर यांतलं काय आहे ते आधी धागा जाळून पाहा. नंतर पांढऱ्या फडक्याचा ओला कोपरा उलट्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर लाल-जांभळं उतरलं तर तो रनर आयुष्यभर एकटाच धुवायचा, गार पाण्यात, झटपट, भिजत न ठेवता, आणि ओला असताना घडी घालायची नाही. मीठ-तुरटीच्या पाण्यात बुडवल्यानं कच्चा रंग पक्का होतो यावर माझा विश्वास नाही. रंगवताना मिठाचं आणि तुरटीचं काम असतं. रंगवून विकलेल्या कापडावर ते होत नाही.

रेशमी किंवा जरीच्या रनरला मी मूठभर रिठे रात्री भिजवून त्याचं पाणी वापरते. घासायचं नाही, त्या पाण्यात वरखाली करायचं, दोन पाण्यांतून काढायचं, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. जर काळी पडली असेल तर घरी काही करू नका.

व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, हे दिसायला रेशमाच्या आणि हाताला सुताच्या जवळचं असल्यानं लोक फसतात. ते भिजलं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. पिळलं तर धागे तुटतात, दोरीवर टाकलं तर स्वतःच्या वजनानं लांबतं. लिननचं याच्या उलट: भिजल्यावर ते आणखी मजबूत होतं. म्हणून चांगलं लिनन नीट सांभाळलं तर घरात दोन पिढ्या टिकतं. त्याला एकच गोष्ट मोडते, ती म्हणजे वर्षानुवर्षं त्याच रेघेवर घातलेली घडी. तिथे धागा तुटत जातो आणि एक दिवस घडीच्या रेषेवर कापड उघडतं. लिनन पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवा किंवा दर वेळी घडी बदला. इस्त्री दमट असतानाच करा. वाळून कोळ झालेल्या लिननवर कितीही गरम इस्त्री फिरवली तरी चुण्या हटत नाहीत.

क्रोशाचे रुमाल मशीनमध्ये टाकायचेच असतील तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा. वाळवताना जाड टॉवेलवर हातानं आकार बसवून न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून ठेवा, म्हणजे इस्त्री लागत नाही. प्लास्टिकचं टेबल कव्हर ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांची पांढरी कापडं हळूहळू करडी होतात, कारण पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चोथा करतं आणि तो धाग्यावर बसतो. तिथे वडीचा साबण सोडून डिटर्जंट घ्या. सुती-लिननसाठी शेवटच्या पाण्यात पाव वाटी पांढरं व्हिनेगर टाका. त्यावर नीळ चढवून झाकाझाक करण्यात अर्थ नाही.

इस्त्रीआधी कापड खिडकीशी उजेडात धरून आरपार बघा, हे मी कामावरच्या मुलींना रोज सांगते. पुसट राहिलेला तेलाचा किंवा दुधाचा डाग इस्त्रीखाली कायमचा होतो. इस्त्रीवरचा एक ठिपका सुमारे 110 अंश, दोन 150, तीन 200. तीन ठिपके फक्त सूत आणि लिननसाठी. भरतकाम असेल तर टॉवेलवर पालथं घालून मागून फिरवा, टाके दबत नाहीत.

सरबत आणि शीतपेयाचे डाग वाळल्यावर दिसत नाहीत, म्हणून टेबलक्लॉथ "स्वच्छच आहे" म्हणून कपाटात जातो. त्यातली साखर काही महिन्यांनी तपकिरी होते. वापरलेलं कापड दिसो न दिसो, धुऊनच ठेवा. पुढचे काही महिने लागणार नसेल तर खळ पूर्ण काढून टाका, कारण तांदळाची पेज असो की आरारूट, कसर त्यावर टपलेलीच असते. खळ करायची ती टेबलावर घालायच्या आदल्या दिवशी. कोल्हापूरच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या कापडावर आठवड्यांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते रश्शापेक्षा हट्टी असतात. जुन्या धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की सगळी चळत बाहेर काढून दोन तास वारा दाखवा.