हाड जुळायला लागलं, हे आधी कळतं का?

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळच्या हाडांच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "डॉक्टरसाहेब, पाय टेकू का?" घाटंजी, आर्णी, झरी-जामणीकडून आलेला पेशंट असतो. नडगीचं हाड दुचाकीवरून पडून मोडलेलं. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतात. फट तशीच दिसते. मग पुढची तारीख, पुन्हा एसटी, सोबत येणाऱ्या माणसाची पुन्हा मजुरी बुडालेली. शेतमजुराच्या घरात हाड जुळायचे महिने कर्जात मोजले जातात. म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

एक्स-रेची अडचण साधी आहे. त्याला कॅल्शियम दिसतं. हाड मोडल्यावर आधी तिथं रक्त गोठतं, मग तंतू आणि कूर्चा यांचा मऊ सांधा तयार होतो आणि कॅल्शियम त्यात नंतर भरतं. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक आठवडे आत काम जोरात चालू असलं, तरी फिल्मवर काहीच उमटत नाही.

सोनोग्राफीचं उलट आहे. हाडाच्या कठीण पृष्ठभागावरून ध्वनिलहरींचा मोठा भाग परततो आणि उरलेला आतच विरतो, म्हणून हाडाच्या आतलं तिला दिसत नाही. पण फटीत भरणारा मऊ सांधा तिला दिसतो. नडगी तर कातडीच्या अगदी खाली असते. तिथं जेल लावून प्रोब ठेवला की पडद्यावर हाडाची पांढरी, ठळक रेघ येते आणि मोडलेल्या जागी ती तुटते. सुरुवातीला त्या तुटीत नुसता करडा-काळा भाग असतो. काही आठवड्यांनी त्यात पांढरे ठिपके येतात, ते एकमेकांना मिळतात आणि दोन टोकांवरून पांढरी कमान चढू लागते. सोनोग्राफीचाच डॉपलर हा प्रकार लावला तर तिथं नव्यानं आलेला रक्तप्रवाहही दिसतो.

हाडात रॉड टाकला असेल, तर आणखी एक खूण मिळते. ताज्या फटीतून आतला धातू चमकताना दिसतो. फट भरत गेली की तो झाकला जातो. अमेरिकेत हाडांचे डॉक्टर बर्टन मोएड आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात नडगीच्या रॉड टाकलेल्या पेशंटांमध्ये हेच पाहिलं आणि जुळणी एक्स-रेच्या आधी ओळखता येते, असं दाखवलं. हाड जुळतच नसेल, तर तेही लवकर लक्षात येऊ शकतं. माझ्या मते खरा फायदा इथंच आहे, कारण दुसरं ऑपरेशन लागणार असेल तर ते वेळेत ठरवता येतं.

मर्यादाही आहेत. प्लास्टरमधून लहरी जात नाहीत. त्याला खिडकी कापावी लागते किंवा ते काढावं लागतं. मांडीचं हाड स्नायूंत खोल असल्यानं चित्र तितकं स्वच्छ येत नाही. बघणाऱ्याचा हात तयार हवा. हाड सरळ बसलंय का, यासाठी एक्स-रे लागतोच. आणि "सोनोग्राफीच्या लहरींनी हाड लवकर जुळतं" असं कुणी सांगितलं, तर ती निराळीच गोष्ट. त्या उपचाराचं वेगळं यंत्र असतं. नडगीच्या ऑपरेशन झालेल्या पेशंटांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा आढळला नाही, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालं.

मग सोनोग्राफीचं मशीन गाडीत टाकून गावोगाव का नेऊ नये? कारण याच मशीननं गर्भाचं लिंगही कळतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला. केंद्राचा 1994 चा कायदा 1996 पासून लागू झाला. त्यानुसार मशीनची आणि जागेची नोंदणी लागते, आणि हाडासाठी आणलेलं मशीनही मनात येईल तिथं हलवता येत नाही. मुलींसाठी हा बंदोबस्त हवाच. त्यात हाडाच्या नावाखाली पळवाट नको.

पण नोंदणी झालेलं मशीन जिथं आहे, तिथं ते वापरता येतं. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी हाडांचा आणि रेडिओलॉजीचा विभाग एकाच आवारात असतो. रॉड टाकलेल्या नडगीच्या पेशंटाला सहाव्या आठवड्याच्या तपासणीला एक्स-रेसोबत प्रोबही लावून पाहावा, तिथं शिकणाऱ्या डॉक्टरांचा हात त्यावर बसावा आणि दोन्ही चित्रं त्याच्या केसपेपरला जोडावीत, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.